खळ लावायच्या आधी

“मॅडम, आधीच सांगतो, मी कावळा काढाय गेलो की कोंबडी होती.”

शिरोळ तालुक्यातल्या एका गावचं समाजमंदिर. सतरंजीवर बसता बसता एका आशाताईंनी हे जाहीर केलं आणि बाकीच्या अकराजणी खळखळून हसल्या. (आमच्या कोल्हापूरकडं बायकाही ‘सांगतो’, ‘गेलो’ असंच बोलतात, पुण्याचे पाहुणे पहिल्यांदा दचकतात.) मी म्हटलं, आज काढायचं काहीच नाही. फाडायचं, कापायचं, चिकटवायचं, म्हणजे कोलाज. तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांचंही चुकत नाही. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं इथं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. त्याचा एक तोटा असा, की ज्याचा हात चालत नाही त्यानं कागदाच्या वाटेलाच जाऊ नये असं सगळ्यांच्या मनात बसलंय. मी सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडपायी किती पोरांचे हात कायमचे आखडले याचा हिशेब मांडला तर त्यात माझ्याही नावावर बरंच निघेल.

आता निवृत्तीनंतर महिन्यातून एक-दोनदा मी रद्दीची पोती घेऊन अशा सतरंज्यांवर बसते. समोर कधी आशाताई, कधी अंगणवाडी सेविका, कधी घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या सुना, लेकी आणि क्वचित एखादा मुलगा. “कागद चिकटवून मन कसं हलकं होतं हो?” असं मला बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण ‘कला मनाला आनंद देते’ एवढ्यावर भागवलं तर ते खरंही नाही आणि उपयोगाचंही नाही.

कोलाज हा शब्द फ्रेंच, ‘चिकटवणे’ या क्रियापदावरून आलेला. 1912 मध्ये पिकासोनं एका चित्रात वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून दोर लावला. त्याच वर्षी ब्राकनं लाकडी नक्षीचा भिंतीचा कागद कापून चित्रात वापरला, आणि चिकटकामाला मोठ्या चित्रकारांच्या पंगतीत पाट मिळाला. घरोघरी ते आधीपासून होतंच. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी या बाईंनी दुसरा नवरा गेल्यावर, 72 वर्षांच्या वयात, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला घेतली. नजर अधू होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षांत, हजाराच्या जवळपास केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडं शाळेत चिकटवही असते, आणि जुन्या लुगड्यांची वाकळ तर कुठल्याही आजीनं शिवलेली असते. वाकळेची उपमा मात्र मी फार ताणत नाही. वाकळ पांघरायला लागते. चिकटवलेल्या कागदाचा उपयोग तसा समोर दिसत नाही, म्हणून तो समजावून सांगावा लागतो.

कोण थकतं आणि कशानं

घरात आजारी माणूस असलं की येणारा-जाणारा विचारतो, “म्हातारीचं कसं काय?” अंथरूण बदलणारी सून तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असते. तिला कोणी विचारत नाही. विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं, “बरं हाय.”

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. शेवटची चार वर्षं त्या मला “ओ बाई” म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी विचारायच्या, “ओ बाई, तुम्ही घरी कधी जाणार?” मी भात कालवून भरवत असायची. समोर त्याच होत्या, तीच पाटली, तेच गोंदण. पण जिच्याशी मी वीसेक वर्षं हक्कानं भांडले ती बाई केव्हाच निघून गेली होती. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा अवस्थेला नाव दिलं आहे. मराठीत मी त्याला ‘अधांतरी वियोग’ म्हणते. माणूस गेलेलं नाही आणि आहे असंही नाही. त्यामुळं रडायला मुहूर्तच मिळत नाही. दहावा नाही, तेरावा नाही, दारात चपलांचा ढीग नाही. उलट ‘अजून आहेत ना, नशीब समजा’ हे ऐकून घ्यावं लागतं. आणि कधीतरी रात्री तीनला चादर धुताना ‘हे संपावं’ असं मनात येतं, की मागोमाग स्वतःचीच लाज वाटते.

आशाताईचं दुखणं वेगळं. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद आलं. साधारण हजार लोकांमागं एक बाई आणि तीही त्याच गावची. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी नंतरच्या 42 दिवसांत तिनं घरी सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून वजन घ्यायचं, ताप बघायचा, अंगावर पितंय का विचारायचं. आणि बाळ दगावलं तर त्याची माहितीही तिनंच कळवायची. मग त्याच गल्लीत चार घरं सोडून दुसऱ्या बाळाच्या लसीचं सांगायला हसऱ्या तोंडानं जायचं. कुणाला टीबी आहे, कुणाचं पोर पडलं, कुणाचा नवरा मारतो, हे सगळं तिला ठाऊक असतं. बोलायची मात्र सोय नाही. सगळ्या गावाचं गुपित पोटात घेऊन ती त्याच गावात राहते.

त्यात आमचा पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली आणि पाणी 55 फुटांच्या वर चढलं. शिरोळात तर कृष्णा, वारणा, दूधगंगाही येऊन मिळतात. छावणीत गोळ्या आणि पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटणाऱ्या कितीतरी बायकांची स्वतःची घरं त्याच पाण्यात होती. 2021 च्या जुलैत पुन्हा तोच खेळ.

या थकव्याचे दोन प्रकार नीट वेगळे करावे लागतात, नाहीतर औषध भलत्यालाच लागतं. पहिला म्हणजे कामानं आलेला करपलेपणा, ज्याला बर्नआउट म्हणतात. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं त्याविषयी लिहिलं, तेही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांकडं बघून. म्हणजे तळमळीनं काम करणारी माणसंच त्याला आधी दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्पष्ट केलं की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याचं दुःख रोज बघून ते आपल्यात झिरपणं. चार्ल्स फिगली यांच्या 1990 च्या दशकातल्या लिखाणापासून त्याला करुणेचा थकवा म्हणायची रीत पडली. कालपर्यंत ज्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, तिला आता काहीच वाटेनासं होतं. कुणी रडायला लागलं की उलट चीड येते.

पहिल्या प्रकारावर कागद-कात्रीचा उपाय नाही. मोबदला वेळेवर मिळत नाही, रजिस्टरांवर रजिस्टरं वाढतात, मोबाइलवर माहिती भरून पुन्हा तीच कागदावर भरायची, हे कोलाज करून सुटत नाही. तसं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. दुसऱ्या प्रकारात आणि माझ्या त्या अधांतरी वियोगात मात्र हे चिकटकाम थोडं हाताशी येतं. का, ते आता सांगते.

‘टेन्शन’ या एका शब्दात काय काय भरलंय

आपल्याला भावनांचे शब्द कमी आहेत असं नाही. जीव खालीवर होतो, पोटात खड्डा पडतो, काळजात धस्स होतं, जीव मेटाकुटीला येतो. पण समोरासमोर विचारलं, “ताई, कसं वाटतंय?” तर उत्तर एकच, “टेन्शन.” त्या एका पिशवीत राग असतो, धास्ती असते, लाज असते, अपराधीपणा असतो, आणि कधी नुसती झोप झालेली नसते. पिशवी रिकामी करून बघितल्याशिवाय काय उचलायचं ते कळत नाही.

2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नेमका शब्द जोडला की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोक्याची घंटी वाजवणारा भाग, तुलनेनं शांत होत होता आणि कपाळामागचा विचार करणारा भाग जास्त काम करत होता. आपल्या आज्या म्हणायच्या, बोललं की हलकं वाटतं. त्याचाच हा एक धागा.

पण अडतं कुठं, तर शब्द सुचण्यापाशीच. थकलेल्या माणसाला कोरा कागद देऊन ‘मनातलं लिहा’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला आधी शेत नांगरायला लावणं. इथं चित्रांची रद्दी कामाला येते. आठवून सांगण्यापेक्षा ओळखणं सोपं असतं. रस्त्यात भेटलेल्याचं नाव आठवत नाही, पण चार नावं कुणी म्हटली तर “हां, हेच!” असं लगेच निघतं. तसंच अंकाची पानं उलटताना एखाद्या चित्रापाशी हात थांबतो. का थांबला ते तेव्हा कळत नाही, आणि कळलंच पाहिजे असंही नाही. फाडून बाजूला ठेवायचं, इतकंच.

मग येतो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, जो घाईत लोक उरकून टाकतात. खळ लावायच्या आधीचा. तुकडे पुठ्ठ्यावर नुसते मांडायचे. हलवायचे. हे वर, ते खाली, याच्यावर ते अर्धं झाकून. जे दुःख आत असतं तेव्हा त्याला आकारमान नसतं. ते सगळीकडं असतं. पुठ्ठ्यावर आलं की ते चार बोटांचं होतं आणि बोटानं सरकवता येतं. आपण त्याच्याकडं वरून बघतो. एक ताई अर्धा तास एका कुलपाच्या जाहिरातीला जागा शोधत होत्या. शेवटी त्यांनी ते कुलूप पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चिकटवलं. पुढं आलंच नाही. त्यावर मी काही विचारलं नाही.

याच टप्प्यासाठी मी फेव्हिकॉलपेक्षा कणकेची पातळ खळ पसंत करते. ती सावकाश वाळते. चिकटवल्यावरही काही मिनिटं तुकडा सरकवता येतो, म्हणजे मत बदलायला वाव राहतो.

आणि हात. कात्री चालवणं, कडा बोटानं दाबणं, खळीचा ओला वास. डोकं या कामात गुंतलं की विचारांचा भोवरा थोडा मंदावतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक अभ्यास छापला. 39 प्रौढांना 45 मिनिटं कोलाज, माती किंवा मार्कर घेऊन हवं ते करायला दिलं आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचं कमी झालं. ज्यांना चित्रकलेचा अनुभव होता आणि ज्यांना नव्हता त्यांच्यात तफावत दिसली नाही, म्हणजे कावळ्याची कोंबडी करणाऱ्यांनाही प्रवेश आहे. मात्र उरलेल्या चौथ्या हिश्श्यात ते कमी झालं नाही, काहींचं वाढलंसुद्धा. शिवाय नुसतं 45 मिनिटं शांत बसवलेल्या लोकांशी तुलना केलेली नव्हती. त्यामुळं कोणी ‘विज्ञानानं सिद्ध झालंय’ असं छातीठोक सांगू लागलं तर मी मान डोलवत नाही.

पोत्यात काय असतं

दिवाळी अंक सगळ्यात उत्तम. कागद जाड, जाहिराती मोठ्या. पण नुसते अंक आणि पुरवण्या घेतल्या तर त्यात गोरे चेहरे, बंगले आणि दागिनेच निघतात. गावातल्या बाईला त्यात स्वतःचं घर सापडत नाही. म्हणून मी बियाण्यांची पाकिटं, शेतीच्या पुरवण्या, साडीच्या खोक्यांवरची लेबलं, चहाचे पुडे, औषधांची खोकी, एसटीची जुनी तिकिटं, उरलेला घोटीव कागद, सगळं ठेवते. आशाताई स्वतःच आरोग्य खात्याची उरलेली पोस्टरं आणतात, आणि लोहाच्या गोळ्यांचं पोस्टर टराटरा फाडताना त्यांना जे समाधान होतं ते बघण्यासारखं असतं.

दोन गोष्टी पोत्यातून आधीच काढून टाकते. एक, देवांची चित्रं. लग्नपत्रिकेवरचा गणपती किंवा कॅलेंडरवरची अंबाबाई कापायला कुणाची कात्री धजत नाही, आणि कुणी कापलीच तर शेजारची दुखावते. दुसरं, वर्तमानपत्रातलं दुःखद निधन आणि पुण्यस्मरणाचं पान. सुरुवातीला ते राहून गेलं होतं आणि एका बाईच्या हातात तिच्याच गल्लीतल्या पोराचा फोटो आला. घरचे फोटो वापरायचे तर झेरॉक्स. मूळ फोटोला कात्री लावली की रात्री हळहळ होते.

घरच्या काळजीवाहू बाईला तीन तासांची सतरंजी परवडत नाही. माझी एक मैत्रीण पोह्यांच्या रिकाम्या डब्यात कात्रणं साठवते. नवऱ्याच्या डायलिसिसच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून दोन-चार तुकडे मांडते, डबा मिटते. तिथं कात्री नेत नाही, हातानं फाडते. तिच्या मते फाडण्यातच निम्मं काम होतं.

काळा तुकडा

आता माझी चूक सांगते, कारण हा उद्योग करायला निघणारे नवे लोक नेमके इथंच घसरतात.

कावळ्याची कोंबडी करणाऱ्या त्या ताईंनी पुठ्ठ्याच्या खालच्या अर्ध्या भागात काळा घोटीव कागद फाडून लावला होता. नुसता काळा. वर कोपऱ्यात एक बादली, एक दुरडी आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेलं जाहिरातीतलं बाळ. मला वाटलं, कळलं. काळा रंग, बाळ, आशाताई. मी मनात गोष्ट जुळवून मोकळी. आवाज हळू करून म्हटलं, “हे काळं फार जड आहे ना, ताई?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच आजारी आहे.

“जड कशाला? जमीन हाय ती. पाणी वसरल्यावर पैल्यांदा दिसली तवा अशीच दिसली, काळीभोर. आमच्या सासऱ्यानं हात लावून बघितलं.” मग थोडं थांबून, “त्या दिवशी पैल्यांदा पोटभर जेवलो.”

सबंध पुठ्ठ्यावर तीच एक जागा सुखाची होती आणि मी तिच्यावर सुतकाची चादर घालायला निघाले होते. बाळाचं विचारायची मग माझी हिंमत झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून माझा एकच प्रश्न असतो, “यातलं काही सांगावंसं वाटतंय का?” नाही म्हटलं की विषय संपला. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख, तुटका वृक्ष म्हणजे अमुक असल्या पत्रिका बघण्याला काही आधार नाही. अर्थ चिकटवणारीचा. ‘छान झालंय’ असंही मी म्हणत नाही. एकीला छान म्हटलं की बाकीच्या अकराजणी लगेच स्पर्धेत उतरतात आणि पुठ्ठे रांगोळीसारखे देखणे व्हायला लागतात.

दुसरी सक्त अट मोबाइलची. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, स्टेटसला तर नाहीच. “मॅडम, रिपोर्टला लागतोय” असं म्हणणारे असतात. त्यांना मी रिकाम्या सतरंजीचा फोटो देते. पुठ्ठ्यावर रुग्णाचं नाव, घर ओळखू येईल असं काही नको. बारा बायकांमधे एकीनं सांगितलेलं उंबऱ्याबाहेर गेलं तर पुढच्या वेळी सगळ्या फक्त फुलं चिकटवतील.

आणि मी उपचारतज्ज्ञ नाही. कलोपचार ही शिकून करायची विद्या आहे. आर्ट थेरपी हा शब्द एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं 1942 मध्ये, क्षयातून बरं होताना स्वतःला आलेल्या अनुभवावरून रूढ केला, आणि त्यानंतर तिचं रीतसर शिक्षण उभं राहिलं. माझं काम पोतं रिकामं करून गप्प बसायचं. एखादी रडायला लागली तर शेजारी बसायचं, पाणी द्यायचं. पण कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, पुराचं पाणी डोळ्यांसमोरून हटत नसेल, किंवा ‘नको हे जगणं’ असं तोंडून निघालं, तर तिथं कात्री खाली ठेवायची. सरकारची टेली मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या नंबरवर चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. मी तो नंबर पुठ्ठ्याच्या मागं आधीच लिहून आणते, सगळ्यांच्याच. एकीलाच दिला तर ती नजरेत येते.

शेवटी पुठ्ठ्यांचं काय करायचं, हे ज्याचं त्यानं. कुणी घरी नेतं, कुणी तिथंच फाडून पोत्यात टाकतं, म्हणजे पुढच्या गावात ते तुकडे दुसऱ्या कुणाला सापडतात. काळ्या जमिनीवाल्या ताईंनी त्यांचा पुठ्ठा सर्व्हेच्या रजिस्टरला कव्हर म्हणून लावला, चित्र आतल्या बाजूला.

माझं स्वतःचं अजून चिकटवलेलं नाही. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. एका जुन्या दिवाळी अंकात तुकडे सुटेच आहेत: चष्म्याची जाहिरात, भाताचं पातेलं आणि एक उघडं दार. महिन्यातून एकदा काढते, मांडते, परत ठेवते. चष्मा आणि पातेल्याची जागा आता पक्की झाली आहे. दार त्यांच्या बाजूला लावायचं की माझ्या, ते ठरत नाही.